उघडी म्हणजे सावकाश या

मी एक जुनी पिवळी छत्री आहे. मित्रांनो, माझी गोष्ट खरं तर जन्मापासून सांगायला हवी. पण एका दुपारी माझ्या हातून एक खोटं घडलं. ती दुपार आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

त्या दुपारी मी समुद्रावरच्या एका दीपगृहाच्या पायऱ्यांवर उघडी होते. एका निवृत्त शिक्षिकेने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. माझ्या सावलीत, कट्ट्यावर, एक बाई बसल्या होत्या. पाठ भिंतीला टेकलेली, मान थोडी कलती. सहलीला आलेल्या बसभर लोकांना जुनी शहरं आणि किनारा दाखवणाऱ्या गाईड त्या. खाली वळणावर त्यांची बस येऊन उभी राहिली. बस चालवणारे ड्रायव्हर म्हणजे बाईंचे यजमान. त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. कुणी खाली येईना. मग त्यांनी वर पाहिलं. मी उघडी दिसले म्हणून ते हसले. किल्ली बोटात फिरवत पायऱ्या चढून आले आणि म्हणाले, "काय मॅडम, आज मुक्काम इथेच वाटतं?"

शिक्षिका हळू आवाजात म्हणाल्या, "हळू बोला. डोळा लागलाय त्यांचा. सकाळपासून दमल्या होत्या."

ड्रायव्हरांनी वाकून माझ्याखाली पाहिलं. सत्तावीस वर्षं ज्यांच्या शेजारी ते झोपले, त्यांची झोप कशी दिसते हे त्यांना ठाऊक होतं. ही ती झोप नव्हती. किल्ली हातातून पडली आणि तीन पायऱ्या खाली घरंगळत गेली. बराच वेळ ती कुणी उचलली नाही.

आता पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका लांबट, कोंदट खोलीत झाला. तिथे दिवसभर छत्र्याच शिवल्या जात. एक माणूस दांडे कापी, एक काड्या जोडी, आणि खिडकीजवळ बसलेली एक बाई कापड शिवी. सगळ्या छत्र्या काळ्या. कुणा दुकानदाराच्या फलकासाठी आणलेलं पिवळं कापड थोडं उरलं होतं, ते वाया जाऊ नये म्हणून त्या बाईने माझ्यावर चढवलं. आठ काड्या, लोखंडी दांडा आणि लाकडाची वाकडी मूठ. मला पाहून काड्या जोडणारा म्हणाला, "ही कोण घेणार?" बाई म्हणाली, "आपल्याला काय करायचंय? शिवली, झालं."

त्याचं म्हणणं खरं ठरलं. दुकानात मी दोन वर्षं टांगून होते. लोक यायचे, मला उघडून बघायचे, हसायचे आणि काळी छत्री घेऊन जायचे. मग एक दिवस एक तरुण मुलगी आली. पायात जाड तळाच्या चपला, खांद्याला मोठी पिशवी. तिने थेट माझ्याकडे बोट दाखवलं.

दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "ताई, ही नका घेऊ. चारचौघांत फार उठून दिसते."

"म्हणूनच हवीय," ती म्हणाली.

ही मुलगी म्हणजेच माझ्या बाई. एका सहल कंपनीत त्यांना नुकतंच गाईडचं काम मिळालं होतं. कंपनीची एकच सहल होती आणि कागदावर तिचं नाव छापलेलं होतं: चार दिवस, तीन ऐतिहासिक शहरं आणि एक रम्य किनारा. पुढे बाई बसमध्ये हा कागद वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, "ऐतिहासिक म्हणजे पायऱ्या खूप आहेत. रम्य म्हणजे स्वच्छतागृह लांब आहे. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जाऊन या." सगळी बस हसायची. हा विनोद मी शेकडो वेळा ऐकला. हसू दर वेळी नवीन असायचं, कारण माणसं नवीन असायची.

माझं काम सोपं होतं. गर्दीत बाई मला मिटलेली, उंच धरायच्या. मागचे लोक माझ्या टोकाकडे बघत चालायचे. मी पुढे गेले की ते पुढे, मी वळले की ते वळले. पण मला डोक्यावर घेऊन बाई कधी उभ्या राहिल्या नाहीत. ऊन असो, पाऊस असो, त्या स्वतः भिजायच्या आणि मी त्यांच्या हातात मिटलेली.

"अहो ताई, हातात छत्री आणि तुम्ही भिजताय?" असं कुणी तरी विचारायचंच.

"ही पावसासाठी नाहीये," बाई सांगायच्या. "ही तुमच्यासाठी आहे. हरवू नका म्हणून."

लोक त्यांना छत्रीबाई म्हणू लागले. खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. परत गेल्यावर लोक कंपनीला पत्र लिहायचे, त्यातही 'छत्रीबाईंनी छान माहिती दिली' असंच असायचं. मित्रांनो, कुणाच्या नावात आपलं नाव मिसळून जावं, याहून मोठं कौतुक छत्रीला कोणतं?

पहिलं शहर तटबंदीचं होतं. सात दरवाजे, आणि त्यातला एक दगडांनी कायमचा चिणलेला. तो का चिणला याच्या तीन कथा बाईंना माहीत होत्या. त्या तिन्ही सांगायच्या आणि म्हणायच्या, "यातली एकही खरी असेल असं नाही. पण भिंत खरी आहे. हात लावून बघा." लोक हात लावायचे. दगड सकाळी थंड असे.

दुसऱ्या शहरात बाजार होता आणि बाजाराच्या मधोमध घड्याळाचा मनोरा. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांची गल्ली इतकी अरुंद की मला आडवी धरता येत नसे. मनोऱ्याच्या गच्चीवरून नदी दिसायची आणि नदीकाठी बस उभी असायची, एखाद्या काडेपेटीएवढी. याच नदीकाठी बाईंचं आणि ड्रायव्हरांचं पहिलं भांडण झालं.

तेव्हा त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. बाजाराच्या तोंडाशी बस उभी करायला मनाई होती. ड्रायव्हरांनी नदीकाठी थांबायचं आणि सगळे प्रवासी जमले की बस वर आणायची, असं ठरलेलं. पण सगळे जमले हे त्यांना कळणार कसं? तेव्हा खिशात फोन नव्हते. ते अंदाजाने यायचे. कधी लवकर, मग पोलीस ओरडायचा. कधी उशिरा, मग लोक उन्हात ताटकळायचे. एक दिवस बाई तणतणत नदीकाठी गेल्या.

"तुम्हाला वेळेवर येता येत नाही का हो?"

"मला काय स्वप्न पडतं, तुमची माणसं जमली म्हणून? तीन तर बांगड्यांच्या दुकानात असतात."

"मग वर गच्चीकडे बघत जा की."

"वर बघून काय दिसणार? डोकी?"

बाईंनी हातातल्या माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मला वर धरलं, खटका दाबला आणि उघडलं. "ही दिसेल?"

ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिलं. "ही तर पुढच्या गावातूनही दिसेल," ते म्हणाले.

त्या दिवशी त्या दोघांत एक भाषा ठरली आणि त्या भाषेतला शब्द मी होते. मी मिटलेली असले तर थांबा, माणसं जमायची आहेत. मी उघडी दिसले तर सगळे आले, सगळं ठीक आहे, बस आणा. आणि उघड-मीट, उघड-मीट असं भराभर केलं तर हातातलं टाकून धावत या. ही तिसरी खूण इतक्या वर्षांत दोनदाच लागली. एकदा एक आजोबा पायरीवरून घसरले तेव्हा, आणि एकदा एक लहान मुलगी गर्दीत हरवली तेव्हा. दोन्ही वेळा ड्रायव्हर इतक्या लवकर आले की बाईंना नवल वाटलं.

दुसऱ्या खुणेत पुढे एक शब्द वाढला. तो दीपगृहापाशी वाढला, आणि लग्नानंतर.

त्याआधी तिसरं शहर लागायचं. टेकडीवरचा रिकामा राजवाडा आणि त्यातलं ते दालन, जिथे एका खांबाशी कुजबुजलेलं समोरच्या खांबाशी ऐकू येतं. एकदा बस दुरुस्तीला होती म्हणून ड्रायव्हरही लोकांबरोबर राजवाडा बघायला आले. बाईंनी त्यांना एका खांबाला कान लावायला सांगितलं आणि स्वतः पलीकडे गेल्या. सगळ्यांना वाटलं, आता काही तरी गोड बोलणार. मी बाईंच्या हातातच होते, म्हणून मी ऐकलं. त्या खांबाला म्हणाल्या, "निघायच्या दिवशी डब्यातल्या भाजीत मीठ नव्हतं. तुम्ही बोलला नाहीत, पण मला कळलं." पलीकडे ड्रायव्हर एकटेच हसत सुटले. लोक विचारत राहिले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

चौथा दिवस किनाऱ्याचा. रस्ता डोंगराच्या कडेने जायचा, एकतीस वळणं, डाव्या हाताला समुद्र. तीन दिवस अखंड बोलणाऱ्या बाई पहिल्या वळणाला माईक ठेवून द्यायच्या. "इथे मी काही सांगत नाही. बघा." मग पाऊण तास बसमध्ये इंजिनाखेरीज आवाज नसे. मी त्यांच्या मांडीवर आडवी असे. त्याही बघायच्या. तोच समुद्र, तेच खडक, त्याच होड्या, पण त्यांचं बघून झालंय असं मला कधी वाटलं नाही.

शेवटी दीपगृह. एकशे वीस पायऱ्या आणि अर्ध्यावर एक कट्टा. पायऱ्यांच्या तळाशी वळण होतं, तिथे बस फक्त माणसं घेण्यापुरती थांबू शकायची. ड्रायव्हर लांब मोकळ्या मैदानावर थांबायचे. तिथे एक चहाची टपरी होती. चार दिवसांत ड्रायव्हरांना निवांत असा तो एकच चहा मिळायचा. पुढे रात्रीपर्यंत घाट उतरायचा असे. बाईंना ते माहीत होतं. म्हणून दीपगृहावर सगळी माणसं जमली की त्या मला उघडायच्या, पण लोकांना लगेच खाली न्यायच्या नाहीत. कट्ट्यावर बसवून एखादी गोष्ट लांबवायच्या. खालून ड्रायव्हर बघायचे, मी उघडी, आणि स्थिर. मग ते घाई न करता चहा संपवायचे, पुढची काच पुसायचे आणि नंतर बस आणायचे.

"तुझी छत्री उघडी दिसली की चहा गोड लागतो," ते घरी एकदा म्हणाले होते.

"म्हणूनच उघडते," बाई म्हणाल्या. "उघडी म्हणजे सावकाश या."

अशी वर्षं गेली. माझं कापड दोनदा बदललं, तीन काड्या बदलल्या. मूठ मात्र तीच राहिली. बाईंच्या अंगठीने तिच्यावर एक खाच पडली होती. त्यांची लेक मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. खिशात फोन आले. कंपनीने बाईंना काठीला लावायचा झेंडा दिला, तो त्यांनी घरी मोरीच्या खिडकीला अडकवला. फोन असूनही ते दोघं मलाच विचारायचे. "फोन काय, लागतो आणि लागत नाही," ड्रायव्हर म्हणायचे. "छत्री लागतेच."

शेवटच्या वर्षी बाईंचा डावा हात दुखू लागला. त्या मला डाव्या हातात धरायच्या, कारण उजव्या हाताने दाखवायचं असे. लेक आली होती तेव्हा म्हणाली, "आई, डॉक्टरांना दाखव ना."

"अगं, तीस वर्षं हीच छत्री उचलतेय. हात दुखणार नाही तर काय?"

"एवढीशी तर आहे ती."

"तू उचल आठ तास, मग बोल. हंगाम संपला की दाखवते."

ड्रायव्हरांनी त्यांच्या हाताला दोन-तीन दिवस तेल लावून दिलं. मग बाईंनी मला उजव्या हातात घ्यायला सुरुवात केली. हात तरीही दुखत राहिला. मित्रांनो, मी वजनाला एका फुलपात्रात मावणाऱ्या पाण्याएवढी. माझ्या ओझ्याने कुणाचा हात तीन महिने दुखत नाही. मला ते कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण ते दुखणं माझ्या नावावर टाकलं गेलं आणि तिथेच राहिलं.

मग ती दुपार आली. माणसं वर दीपगृहात गेली होती. बाई अर्ध्या वाटेवर कट्ट्यावर बसल्या. चढताना त्या याआधी कधी अर्ध्यावर थांबल्या नव्हत्या. मी त्यांच्या मांडीवर होते, मिटलेली, दोन्ही हात माझ्या मुठीवर. माणसं एक एक करून खाली येऊन त्यांच्यापाशी थांबत होती आणि त्या मोजत होत्या. "चार अजून वर आहेत," त्या म्हणाल्या. हे त्यांचं शेवटचं बोलणं. मग त्यांनी समुद्राकडे तोंड केलं. अंगठी माझ्या खाचेत घट्ट रुतली आणि थोड्या वेळाने सुटली. बोटं माझ्यावरच होती, पण त्यांनी मला धरलेलं नव्हतं.

हे नीट लक्षात ठेवा. तेव्हा मी मिटलेली होते.

समोर एक होडी चालली होती. ती एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत गेली, एवढा वेळ कुणाचं लक्ष गेलं नाही. लोक फोटो काढत होते. मग त्या शिक्षिका जवळ आल्या. "अगं बाई, झोपल्या वाटतं. तोंडावर ऊन येतंय," असं म्हणून त्यांनी मला अलगद काढून घेतलं, खटका दाबला आणि उघडलं. फार मायाळू बाई होत्या त्या. त्यांना कुठे माहीत की मी उघडले की काय होतं?

खाली मैदानावर ड्रायव्हरांनी वर पाहिलं. मी उघडी, आणि स्थिर. सगळे आले, सगळं ठीक आहे, सावकाश या. ते टपरीवाल्याला म्हणाले, "आज लवकर उघडली. माझ्या चहाला वेळ दिलाय तिनं. अजून अर्धा दे." हे टपरीवाल्याने नंतर सांगितलं. ड्रायव्हरांनी अर्धा चहा प्यायला, पुढची काच पुसली, मागचीही पुसली, आणि मग बस आणली.

पुढचं तुम्हाला सांगून झालंच आहे.

दवाखान्यात ते मला हातात घेऊन उभे होते. आपण छत्री धरली आहे याचं त्यांना भान नसावं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "पाऊण तास आधी आणलं असतं तर?"

डॉक्टर खरं बोलणारे होते. "नक्की सांगता येत नाही," ते म्हणाले. "लवकर आणलं असतं तर… नाही, सांगता येत नाही."

ड्रायव्हरांनी त्यातलं 'लवकर' तेवढं ऐकलं.

घरी त्यांनी मला दारामागच्या खिळ्याला टांगलं. लेक आली. पंधरा दिवस राहिली. बाप-लेक समोरासमोर बसायचे आणि दोघांच्या मध्ये ताटं झाकून ठेवलेली असायची. एका संध्याकाळी लेक म्हणाली, "आईचा हात तीन महिने दुखत होता, बाबा."

"छत्रीने दुखतो म्हणायची."

"आणि तुम्ही मानलंत?"

"तीही मानायची," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी तेव्हा दुसरा चहा घेत होतो."

"चहाने काही झालं नाही, बाबा."

"तू होतीस तिथे?"

लेक ताटं उचलू लागली. ती नव्हतीच तिथे. मी होते. पण दारामागच्या छत्रीला कोण विचारतं?

लेक परत गेली. माझ्यावर धूळ साचली. घडीच्या आत एका कोळ्याने जाळं केलं. ड्रायव्हरांनी घरात चहा करणं बंद केलं. सकाळी ते पाणी पिऊन खिडकीशी बसायचे. शेजारच्या वहिनी कधी चहा घेऊन यायच्या, तो थंड होईपर्यंत तसाच असायचा. मग ते तो ओतून, कप धुऊन परत द्यायचे.

दहा महिन्यांनी कंपनीचे मॅनेजर घरी आले. "नवे ड्रायव्हर एकतीस वळणांना घाबरतात," ते म्हणाले. "हा हंगाम तरी काढून द्या." ड्रायव्हरांनी दारामागे पाहिलं. मग म्हणाले, "बरं." निघायच्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, फडक्याने पुसलं आणि बसमध्ये आपल्या सीटमागे ठेवलं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

नवी गाईड हुशार होती. तिच्याकडे छोटा लाउडस्पीकर होता आणि माणसं जमली की ती फोन करायची, "काका, या." काका लगेच जायचे. पण नदीकाठी उभे असताना ते मनोऱ्याच्या गच्चीकडे बघत राहायचे. किनाऱ्याच्या रस्त्यावर नवी गाईड बोलत राहायची, खडकांची नावं सांगायची. तिचं चुकत नव्हतं. दीपगृहापाशी टपरीवाल्याने विचारलं, "चहा?" ड्रायव्हर म्हणाले, "नको." ते इंजिन सुरू ठेवून दाराशी उभे राहिले. दर सहलीला हेच.

हंगामाच्या शेवटच्या सहलीत दीपगृहाकडे जाताना आभाळ भरून आलं. नव्या गाईडने उतरताना सीटमागून मला उचललं. ड्रायव्हर खाली टायर बघत होते, त्यांना दिसलं नाही. कट्ट्यापाशी सर आली. एक आजोबा तिथे बसून बुटातला खडा काढत होते. ते भिजू नयेत म्हणून तिने मला उघडून त्यांच्यावर धरलं. माझ्या जन्मात पावसासाठी मला पहिल्यांदाच कुणी उघडलं होतं. पाणी अंगावर कसं वाजतं ते मला तेव्हा कळलं.

आणि मैदानावरून ड्रायव्हरांनी मला पाहिलं.

त्यांनी बस आणली नाही. बस तशीच टाकून ते धावले. मैदान ओलांडून, वळण ओलांडून, साठ पायऱ्या. साठीला आलेला माणूस. वर पोचले तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. ते थेट माझ्याखाली वाकले. आजोबा हातात बूट घेऊन त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय हो ड्रायव्हरसाहेब, बस पळाली का?"

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

"किती वेळ झाला उघडून?" ड्रायव्हरांनी विचारलं.

"आत्ताच, काका," नवी गाईड म्हणाली. "पाऊस आला म्हणून."

"आधी विचारायचं."

"छत्री उघडायला विचारायचं?"

ते कट्ट्यावर बसले. त्याच जागी. नवी गाईड घाबरून त्यांच्या शेजारी बसली आणि मला दोघांवर धरून राहिली. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. मिटलेली म्हणजे काय, उघडी म्हणजे काय. 'सावकाश या' म्हणजे काय, तेही. मग चहाचं सांगितलं, आधी एक आणि वर अर्धा.

तिने वर माझ्या कापडाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "काका, छत्री उघडली तेव्हा त्या… होत्या का?"

"तेच तर माहीत नाही," ते म्हणाले. "होती म्हणावं तर मी चहा पीत बसलो. नव्हती म्हणावं तर कुणाच्या भरवशावर म्हणू?"

त्यांनी तिच्या हातातून मला घेतलं. त्यांचा हात माझ्या मुठीवर आला, अंगठा बरोबर त्या खाचेवर. मित्रांनो, मला बोलता येत नाही. मला दोनच गोष्टी येतात, उघडणं आणि मिटणं. माझा खटका जुना झाला होता. मी होतं नव्हतं ते बळ एकवटलं आणि त्यांच्या हातात मिटले. मला म्हणायचं होतं, त्या गेल्या तेव्हा मी अशी होते. अशी. बघा.

त्यांनी मला पुन्हा उघडलं. मी पुन्हा मिटले.

"खटका ढिला झालाय," ते म्हणाले. "दुरुस्त करून घ्यायला हवी."

दुसऱ्या आठवड्यात ते मला छत्र्या दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेले. त्याने नवी स्प्रिंग घातली. तो माणूस कामाचा पक्का होता. आता मी आपोआप मिटत नाही.

मी पुन्हा दारामागे आहे. पण आता दर रविवारी ते मला पुसतात. पुसताना खाचेवर अंगठा ठेवतात. मागच्या रविवारी त्यांनी चहा केला, दोन कप. एक प्यायले नाहीत आणि दुसराही प्यायले नाहीत. पण केला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना पुसून, नीट घडी घालून ठेवत जा. ओली छत्री कोपऱ्यात टाकू नका, काड्या गंजतात. पण त्याहून एक गोष्ट मोठी आहे. तुमच्या घरात कुणाचा हात दुखत असेल आणि ते म्हणत असतील, बादलीने दुखतो, पिशवीने दुखतो, छत्रीने दुखतो, तर त्यांचं ऐकून गप्प बसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. हंगाम संपायची वाट पाहू नका.

आणि तुमच्यापैकी कुणाला कधी दीपगृहाच्या मैदानावर एक म्हातारे ड्रायव्हर भेटले, टपरीपाशी, हातात चहा नसलेले, तर त्यांच्याशी बोला. मला उघडलं त्याआधीच बाई गेल्या होत्या. एक होडी एका खडकापासून दुसऱ्या खडकापर्यंत गेली, तेवढं आधी. त्यांचा चहा आड आला नाही.

एवढं त्यांना सांगायचं राहिलं आहे.